बाटलीचा व्हिडिओ

हिवरखेडची अनीसा अकोल्याच्या एका न्यूज पोर्टलसाठी बातम्या लिहायची. कपाशीवर फवारायच्या एका औषधानं माणसं दगावू लागली, तेव्हा तिनं गावोगाव हिंडून औषधाचं नाव, विषबाधेची लक्षणं, सगळं लिहिलं. कुणी वाचलं नाही.

"व्हिडिओ टाक. लोक तेच पाहतात," संपादक म्हणाला.

"लोकायले वाचाचा कंटाळा, मराचा नाई!" ती चिडून म्हणाली. पण व्हिडिओ केला. मेलेल्या मजुराच्या अंगणात बाटली हातात धरून तिनं बजावलं, हे औषध घेऊ नका. अर्ध्या जिल्ह्यानं तो पाहिला. संपादकानं पेढे वाटले.

पुढच्या आठवड्यात ती गावातल्या कृषी केंद्रात गेली, तर पंजाबराव नावाचे शेतकरी दुकानदारापुढं मोबाईल धरून उभे. पडद्यावर तिचाच व्हिडिओ, नेमका बाटलीवर थांबवलेला.

"हेच औषध द्या."

"काका, आवाज नाई आयकला काय? घेऊ नका म्हनून सांगून राहिली मी त्याच्यात!"

"आवाज कोन लावते, बेटा? मले वाटलं, तू जायरात करून राहिली."

दुकानदारानं खोक्यात हात घातला.

"शेवटचीच राहिली. या आठवड्यात बाकीच्या सगळ्या खपल्या."