विरोधातला हात

पेडणेकरकाका गेल्याचा फोन त्यांच्या लेकीचा, माधवीचा आला, तेव्हा मी ऑफिसच्या वाटेवर होते. गाडी बाजूला घेतली आणि बसून राहिले... त्यांचा देह मुंबईला नेल्यालाही आता काही आठवडे झाले.

काका विधिमंडळाच्या समिती शाखेतून निवृत्त होऊन माधवीकडे कुवेतला, महबूला भागात राहायला आले होते. इथल्या आमच्या मराठी मंडळाने त्यांना लगेच नियम समितीचं अध्यक्ष केलं. त्याच वेळी एक दुरुस्ती समितीकडे आली. तोवर मंडळाचं सभासदत्व फक्त कुटुंबांना होतं. अब्बासियाच्या कामगार वस्तीत खोल्या वाटून राहणारे, कंत्राटावर आलेले कोकणातले सुतार, वेल्डर गणपतीचा मंडप उभारायचे, पण मत त्यांना नव्हतं. ते द्यावं, अशी ती दुरुस्ती होती. समितीत मी एकटीच तिच्या बाजूने. काकासुद्धा विरोधात. "ही माणसं आज इथे, उद्या कुठे? उद्या काही झालं तर जबाबदार कोण?" असं त्यांचं स्पष्ट म्हणणं.

मग एक सदस्य म्हणाले, "राहू द्या ना पडून. उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळे गावी गेले की विसरतील."

काका ताडकन म्हणाले, "विरोध करायचाय ना? मग सभेत उभे राहून करा. समितीने मत द्यायचं असतं, निकाल नाही. विषय सभेचा आहे, तो सभेपुढे जाणारच."

मी माझं वेगळं मत लिहून त्यांना दाखवायला नेलं. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी ते वाचलं. "तुझा दुसरा मुद्दा लंगडा आहे गं. ही माणसं करार वाढवत वाढवत आयुष्य इथे काढतात, हे लिही की! माझ्या आक्षेपाला तेच उत्तर आहे." स्वतःला हरवायचं हत्यार हा माणूस स्वतःच पाजळून देत होता.

शुक्रवारच्या सभेत त्यांनी अहवाल मांडला. आधी समितीचं विरोधी मत वाचलं, मग माझं, त्याच खणखणीत आवाजात, एक शब्द न गिळता. मागे भिंतीला टेकून उभी असलेली अब्बासियातली मंडळी कान देऊन ऐकत होती. दुरुस्ती मंजूर झाली. विरोधात वर गेलेल्या हातांमध्ये सर्वांत उंच हात काकांचा होता.

मोजणी संपताच ते थेट मागे गेले. त्या मंडळींत गुहागरचा संतोष सुतार सर्वांत पुढे उभा होता. "मी तुमच्या विरोधात होतो," काका म्हणाले. "पण आता उभे का? सभासद आहात, पुढे येऊन बसा."

संतोष हसला. "म्हाईत हाय, काका. पण आमचं म्हननं सगल्यांना वाचून दाकवलंत तुमीच."

पुढे समितीत संतोषचं नाव सुचवलं तेही काकांनीच, आणि आता समितीचा अध्यक्ष तोच आहे. गेल्या शुक्रवारी मुलांचा मराठी वर्ग महबूल्याला हलवावा, हा माझा प्रस्ताव सभेपुढे आला. संतोषने तो अडखळत का होईना, पण पूर्ण वाचला, त्यामागची माझी सगळी कारणं सांगितली. मग म्हणाला, "समितीचं मत इरोधात हाय. आता सभेनं ठरवावं."

मी हरले... सपशेल. बाहेर येऊन गाडीत बसले आणि ही बातमी सांगायला सवयीने काकांचा नंबर काढला.