माळाचा एक प्रिंट

कुरकुंभच्या एका औषधी कारखान्यात मी ऑपरेटर होतो आणि दौंडला दोन खोल्यांत बिऱ्हाड होतं. पहिली पाळी सुटून घरी आलो की अंगाला सॉल्व्हंटचा वास यायचा. तरी सुट्टीच्या आदल्या दुपारी मी न्हाणीघराची खिडकी काळ्या कागदाने बंद करायचो, लाल बल्ब लावायचो आणि फोटो धुवायला पुन्हा केमिकलच्याच ट्रेसमोर उभा राहायचो. बायको दाराबाहेरून म्हणायची, "अहो, दिवसभर वास घेऊन पोट भरत न्हाई का तुमचं?"

खरं तर मी दमलेलाच असायचो.

माझा कॅमेरा शिरूरचा, म्हणजे माझ्या गावचा. तिथे आमच्या घराजवळ एक फोटो स्टुडिओ होता. त्याच्या मालकांना सगळे आप्पा म्हणायचे. शाळेचे ग्रुप फोटो ते हाफ प्लेटच्या लाकडी कॅमेऱ्यावर काढायचे. तीन पायांचं तिकाटणं, काळं फडकं, कातडी भाता आणि पोस्टकार्डापेक्षा थोडी मोठी एकेक सुटी फिल्म. पुढे सगळे रंगीत फोटो पुण्याच्या लॅबमधून धुऊन यायला लागले आणि आप्पांनी तो कॅमेरा पोटमाळ्यावर टाकला. मी मागितला तेव्हा म्हणाले, "घेऊन जा. पण माणसांचे काढू नको, माणसं हलतात."

म्हणून मी माळाचे फोटो काढायला लागलो. कुरकुंभच्या पुढे एक मोठा मोकळा माळ होता. खडी, कुसळं आणि मधोमध एकच बाभूळ. एका हिवाळ्यात रात्रपाळी संपवून मी तसाच तिथे गेलो. सूर्य नुकताच वर आला होता. भिंगावर पिवळा फिल्टर लावला, झाकण काढलं, घड्याळाकडे बघत तीन सेकंद मोजले आणि झाकण बसवलं. डोळे इतके चुरचुरत होते की समोर काय होतं ते मी नीट पाहिलंच नाही.

ती निगेटिव्ह मला चांगली उतरलेली वाटली. प्रिंट मात्र काही केल्या जमेना.

पहिला प्रिंट राखेसारखा आला. काळं-पांढरं ठळक करणारा कडक कागद वापरला तर आभाळ खडूसारखं पांढरं पडलं आणि बाभळीचा कोळसा झाला. मी शिरूरची एसटी धरली आणि सगळे प्रिंट आप्पांपुढे ठेवले. त्यांनी ते दारात, उजेडात नेऊन पाहिले.

"हे बघितलेस कुठं तू?"

"ट्रेमध्येच. ओले."

"ओला प्रिंट लबाड असतो. वाळला की तो एक पायरी काळा पडतो. वाळल्यावर दिवसाच्या उजेडात बघ, मग ठरव. आन् आपल्या उन्हात निगेटिव्ह डेव्हलपरमध्ये जास्त शिजवायची न्हाई. तू शिजवलीस. आता मऊ कागद घे आन् धीर धर."

मी धीर धरला. उन्हाळ्यात डेव्हलपर तापून कागदावरचा थर सुटायला लागायचा, म्हणून बर्फाच्या तुकड्यांवर ट्रे ठेवला. मऊ कागदावर आभाळ आलं, खडीसुद्धा दिसायला लागली. पण बाभळीच्या पायथ्याशी एक पांढुरका पट्टा होता, ओल्या बोटाने पुसल्यासारखा. मला वाटलं, भात्याला भोक पडलंय आणि उजेड आत शिरलाय. भाता दोनदा चिकटवला. नव्या फिल्मवर पट्टा येईना, पण या निगेटिव्हवरचा जाईना. मग मी पुठ्ठ्याला भोक पाडून प्रिंटच्या तेवढ्याच भागाला जास्त उजेड द्यायला लागलो, म्हणजे तो काळा पडून झाकला जाईल. तो झाकला जायचा, पण बरोबर बाभळीचा बुंधाही जायचा. झाड जमिनीतून उगवल्यासारखं न दिसता काळ्या डबक्यात उभं असल्यासारखं दिसायचं.

असं दोन-अडीच वर्षं चाललं. पाळ्या बदलत राहिल्या, मुलगी शाळेत जायला लागली आणि न्हाणीघरात बादलीशेजारी, फोटो पक्का करणाऱ्या हायपोचा कॅन कायमचा बसला. मला त्या प्रिंटचा कंटाळा आला होता, पण सोडवतही नव्हता. शेवटी ठरवलं की ती निगेटिव्ह टाकून द्यायची आणि फोटोच नव्याने काढायचा.

गेलो, तर माळ नव्हता. जेसीबीने सगळा सपाट केला होता, काळी माती आणून पसरली होती आणि पाइपलाइनचे चर खणले होते. बाभूळ कुठे होती तेही ओळखू येईना. बांधावर एक म्हातारबाबा बसले होते. डोक्याला पागोटं आणि खांद्यावर सवयीने घेतलेली घोंगडी.

"काय मोजणीवालं का?" त्यांनी विचारलं.

"नाही आबा, फोटो काढायला आलो होतो. इथं एक बाभूळ होती ना?"

"व्हती की. पोरांनी काडली. आता ऊस लावायचा म्हनत्यात. आमची मेंढरं तर कवाच इकली, दोन सालं झाली."

पिशवीत एक जुना प्रिंट होता, तोच, काळ्या डबक्याचा. मी तो त्यांना दाखवला. त्यांनी तो लांब धरला, मग जवळ आणला आणि बाभळीखाली बोट ठेवलं.

"हितं काळं कशापायी केलंय?"

"तिथं डाग होता आबा. फोटो खराब झाला होता."

"कसला डाग?"

निगेटिव्ह पाकिटात होती. मी ती आभाळाकडे धरली आणि पट्टा दाखवला. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं दिसतं, पांढरं ते काळं, हेही सांगितलं. त्यांनी ती माझ्या हातून घेऊन उजेडाकडे धरली.

"सकाळची येळ व्हय?"

"व्हय."

"मग ह्यो डाग न्हाई. मेंढरं हायत. रोज याच वक्ताला पान्याकडं जायाची, बाभळीच्या बुडातनं. हितनं दुसऱ्या कुनाची जात नव्हती. चालली की धूळ उठनारच."

मी निगेटिव्ह पुन्हा पाहिली. तीन सेकंदांत कळप सरकला होता, म्हणून धुळीसकट त्याचा असा पट्टा झाला होता. माझ्यासमोरून शंभर-दीडशे मेंढरं गेली होती आणि मी घड्याळ बघत होतो. अडीच वर्षं मी त्यांच्यावर काळं फासत बसलो होतो. मला लाज वाटली. हसूही येईना.

पुढच्या सुट्टीला पुन्हा न्हाणीघरात शिरलो. या वेळी उलटं केलं. पट्ट्यावर पुठ्ठा धरून उजेड कमी दिला आणि आभाळाला थोडा जास्त. हात दमू नये म्हणून कोपर भिंतीला टेकवलं. आप्पांचं ऐकून प्रत्येक प्रिंट वाळवला आणि दुसऱ्या दिवशी अंगणात नेऊन पाहिला. सातवा की आठवा चांगला आला. बुंधा दिसत होता, खडी दिसत होती आणि मधून धूळ चालली होती. बायकोने तो हातात घेतला आणि म्हणाली, "आत्ता कसं मोकळं वाटतंय." मला आनंद व्हायला हवा होता. पण मी तिथेच पायरीवर बसलो आणि भिंतीला टेकून झोपलो.

प्रिंट आबांना त्यांच्या पत्र्याच्या घरी नेऊन दिला. त्यांनी तो धोतराच्या सोग्याने पुसला, जरा वेळ पाहिला आणि म्हणाले, "धूळ बराबर आलीय." एवढंच. मग सुनेला चहा ठेवायला सांगितलं आणि उसाच्या बेण्याबद्दल बोलत बसले.

त्यानंतर तीन-चार वर्षांनी कारखान्याच्या बसमधून जाताना त्यांच्या घरापाशी मांडव दिसला. चौकशी केली, तर आबा गेले होते. बाराव्या दिवशी मी भेटायला गेलो. पत्र्याच्या घराच्या जागी आता सिमेंटचं घर होतं आणि प्रिंट टीव्हीच्या वर, फ्रेममध्ये होता. कडेने तो पिवळा पडला होता. तो केला तेव्हा दौंडला नळाला दोन दिवसांआड पाणी यायचं, त्यामुळे त्यातला हायपो नीट धुतला गेला नव्हता. चूक माझीच होती.

मी सुनेला म्हणालो, "वहिनी, हा खराब होत चाललाय. दुसरा करून देतो."

म्हणालो खरं, पण तो कागद आता पुण्यातही मिळत नव्हता आणि न्हाणीघरात आम्ही गीझर बसवला होता.

ती फ्रेमकडे बघून म्हणाली, "राहू द्या भाऊजी. पोरांना दाखवायला हाय तेवढा पुरं."

मी चहा घेतला आणि दुसऱ्या पाळीसाठी बस धरली.