पायरी आली, बाळा

आमच्या घरात आई दोघांशी मराठीत बोलायची, माझ्याशी आणि कुत्र्याशी. त्यातला कुत्रा ऐकायचा. मी हिंदीत उत्तर द्यायचे. इकडे उत्तरेतच, माणिक चौकामागच्या गल्लीत वाढले, शाळा हिंदी, मैत्रिणी बुंदेली बोलणाऱ्या. मराठी सगळी कळायची, पण तोंडातून काढायची म्हटलं की लाज वाटायची. आईने तिच्या जुन्या मराठीत काही विचारलं, की माझं आपलं "हाँ आई, कर दूँगी" ठरलेलं. "तुझ्यापेक्षा तो बरा," ती म्हणायची.

तो म्हणजे लोंबत्या कानांचा, तपकिरी स्पॅनिअल. छावणीतल्या एका साहेबाची बदली झाली आणि तो आमच्याकडे आला. येताना त्याला फक्त इंग्रजी हुकूम कळत होते. आईने थोड्याच दिवसांत त्याला ये, बस, सरक, 'नैवेद्य आहे, लांब हो' असं सगळं शिकवलं. त्याचं साहेबी नाव तिला आवडलं नाही. ती त्याला बाळ म्हणायची, आणि आपला तो बाब्या या न्यायाने त्याने चप्पल कुरतडली तरी दोष चपलेचाच असायचा.

एका उन्हाळ्यात त्याचा डावा डोळा लाल झाला. मग बुबुळावर निळसर धुकं आलं. आईने त्याचं तोंड हातात धरून बघितलं आणि निकाल दिला, "मोतीबिंदू आहे. पिकू दे, मग बघू."

मी म्हटलं, "आई, डॉक्टर को दिखा लेते हैं ना।"

"हातच्या काकणाला आरसा कशाला? माझा नव्हता का पिकू दिला?"

ते खरं होतं. तिच्या माहेरी आजोबा, मामा, सगळ्यांनी मोतीबिंदू नीट पिकू दिला होता. कच्चा काढायचा नाही, हा घरचा नियमच होता. तिचाही तसाच काढला आणि ती पुन्हा सुईत दोरा ओवायला लागली. मग मी कोण बोलणार? गल्लीतले लोकही उंटावरून शेळ्या हाकायला होतेच. कुणी गुलाबजल सांगितलं, कुणी मध.

डोळा पिकायची वाट बघता बघता तो मोठा दिसायला लागला. बाळ खाटेच्या पायावर डोकं घासायचा आणि दिवसभर झोपायचा. आई कुरवाळायला गेली तर एकदा तिच्यावरच गुरगुरला. तेव्हा ती घाबरली. त्याच दुपारी आम्ही ऑटो करून त्याला सीपरी बाजारात जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

त्यांनी डोळ्यात थेंब टाकून तो बधिर केला आणि पेनासारखं एक यंत्र बुबुळाला हलकेच टेकवलं. मग म्हणाल्या, "अम्माजी, ये मोतियाबिंद नहीं है। काला मोतिया है। आँख के अंदर पानी बनता रहता है, निकलने का रास्ता बंद हो गया। दबाव बहुत है। इसका सिर फटा जा रहा होगा।"

म्हणजे आपण ज्याला काचबिंदू म्हणतो तो. यात वाट बघायची नसते, वाट बघण्यातच डोळा जातो. डावा गेलेलाच होता, आणि दुखणं थांबवायला तो काढावा लागणार होता. उजवाही पुढेमागे जाईल, पण रोज वेळेवर थेंब टाकले तर काही काळ टिकेल, असं त्या म्हणाल्या.

"डोळा काढायचा?" आई मला म्हणाली. "तो बघतो माझ्याकडे त्या डोळ्याने. नाही काढायचा."

मी डॉक्टरीणबाईंना हिंदीत तेच सांगितलं. त्या वाद घालत बसल्या नाहीत. कापसाचा बोळा डोळ्यासमोरून खाली टाकून बघा, एवढंच म्हणाल्या. कापसाला आवाज नाही, वास नाही. दिसत असेल तर नजर त्याच्यामागे जाईल.

घरी आल्यावर आई देवघरापुढे बसली. वातींच्या डब्यातला कापूस घेतला, बाळाचा उजवा डोळा तळव्याने झाकला आणि डाव्यासमोरून कापूस सोडला. तो जमिनीवर पडला. बाळाची मान हलली नाही. तिने दुसऱ्यांदा सोडला, तिसऱ्यांदा सोडला. मग कापूस उचलून परत डब्यात ठेवला आणि म्हणाली, "उद्या ने त्याला."

टाके सुकतात न सुकतात तोच बाळ माझी चप्पल तोंडात धरून अंगणभर पळायला लागला. आम्ही समजत होतो, तो म्हातारा झाला. तो बिचारा तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात होता. आई त्याला पोटाशी धरून रडली. "एवढं दुखत होतं, तर सांगायचं नाही का रे?"

मग तिने जे केलं ते आठवलं की आजही माझा जीव तिच्याकडे धावतो. उजव्या डोळ्यात उजेड होता तोवर ती त्याला शब्द शिकवायला बसली. उंबऱ्याशी आली की 'उंबरा'. वळणावर 'वळ'. अंगणात उतरायच्या दगडी पायऱ्यांवर, प्रत्येक पायरीला, "पायरी आली, बाळा." आधी ती म्हणायची, मग तो पाऊल टाकायचा. थेंब टाकायचे आणि फेऱ्या मारायच्या. शेजारीण हसली, "अम्माजी, कुत्ते को मराठी पढ़ा रही हो?" आई म्हणाली, "बिटिया तो पढ़ी नहीं।"

उजवा डोळाही पुढच्या थंडीत गेला. पण बाळ कशालाच आपटला नाही. आईचा आवाज पुढे आणि तो मागे, असे दोघं घरभर फिरत राहिले. तिने माझ्यासाठीही असे शब्द पुढे टाकलेच असतील. ते उचलायला मला कधी सवडच झाली नाही. आज ते ऐकायला मी काहीही देईन.

आई अचानक गेली, चहाचा कप हातात असताना. दुसऱ्या दिवशी सकाळी बाळ पायऱ्यांच्या तोंडाशी येऊन थांबला. पुढचं एक पाऊल उचललेलं, कान आवाजाकडे लागलेले. घरात पाहुणे होते. सगळे हाका मारत होते, "आजा बेटा, आजा।" तो हलेना.

मी खाली अंगणात उभी राहिले.

"पायरी आली, बाळा," मी म्हटलं.

त्याने पाऊल टाकलं. मी पुन्हा म्हटलं, त्याने पुन्हा टाकलं. शेवटची पायरी उतरून तो माझ्यापाशी आला, माझा हात हुंगला, आणि मला वळसा घालून तिला शोधायला पुढे गेला.