रविवार नसलेल्या वस्तीतलं श्रमदान

देवीदास गजभिये भिलाईच्या कारखान्यात ट्रेसर होता. रशियन इंजिनीअरांनी काढलेला नकाशा खाली ठेवायचा, त्यावर पारदर्शक कागद ताणायचा आणि शाईने तो हुबेहूब उतरवून घ्यायचा, एवढंच त्याचं काम. डोकं एकाचं, मूळ रेष दुसऱ्याची, बांधणारे हात तिसऱ्याचे. आपली फक्त शाई, असं तो स्वतःच म्हणे. पण दिवसभर दुसऱ्याच्या रेषा गिरवणाऱ्या माणसाला संध्याकाळी स्वतःची एखादी रेष मारावीशी वाटते. कुणी त्यासाठी पत्ते खेळतो, कुणी पितो. देवीदास समाजसेवेच्या योजना आखायचा.

तो पवनीकडचा, मॅट्रिक झालेला. नागपूरला दीक्षा घेतली आणि पुढच्या वर्षी शेवंताला घेऊन भिलाईला आला. कामगारांच्या कॅम्पातल्या ज्या लाइनीत त्यांना घर मिळालं, तिथे सगळी विदर्भातली बौद्ध कुटुंबं होती. पुरुष कोणी कोक ओव्हनला, कोणी भट्टीवर, कोणी नव्या रेल मिलमध्ये. कागदाशी संबंध असलेला देवीदास एकटाच, त्यामुळे सार्वजनिक कामाचा विषय निघाला की माना त्याच्याकडे वळत. त्याला ते आवडे.

त्याची पहिली योजना प्रौढांच्या रात्रीच्या शाळेची. सभा झकास झाली. अध्यक्ष नेमला, उपाध्यक्ष नेमला, सचिव, सहसचिव, खजिनदार, वर सल्लागार मंडळ. लाइनीतला एकही माणूस पदाशिवाय राहिला नाही आणि त्यामुळे विद्यार्थी म्हणून बसायला कोणी उरलं नाही. मग त्याने कडुनिंबाची रोपं लावून घेतली आणि प्रत्येक रोपापुढे आपल्या वळणदार अक्षरात पाटी रोवली. बकऱ्यांनी रोपं खाल्ली, पाट्या ठेवल्या. 'अक्षराची कदर बकऱ्यांनासुद्धा आहे,' असं देवीदास सांगत असे. हसायला सुरुवात दुसऱ्याने करण्याआधी आपणच केलेली बरी, हे तो तेवढ्यात शिकला होता.

एकसष्ट साली मात्र हसण्यावारी न्यायची सोय राहिली नाही. लाइनीच्या टोकाला सार्वजनिक नळ होता. त्याचं सांडपाणी पुढच्या मैदानात साचून बारा महिने चिखल. बाबासाहेबांची जयंती दरवर्षी भिलाई-तीनच्या रेल्वे क्वार्टरांपुढे व्हायची, कारण तिथली जागा कोरडी. या वर्षी जयंती आपल्या दारात घेऊ, असं देवीदास भर बैठकीत बोलून गेला. जयंती समितीचा सचिव शेषराव रेल्वेत पॉइंट्समन होता. सिग्नल पडल्याशिवाय त्याने आयुष्यात कुठली गाडी सोडली नव्हती.

"कुठं घेतं जयंती? त्या डबक्यात?" शेषरावने विचारलं. "म्हशी येतीन भाषण आयकाले."

"श्रमदानानं नाली खोदतो. नळापासून नाल्यापर्यंत."

"खोद. जयंतीच्या आधीच्या आइतवारी मी पाहाले येतो. मैदान वाळलं असन तं तुमच्याकडं, नाही तं आमच्याकडं. मंग रडू नको."

देवीदास घरी आला. शेवंताच्या तोपर्यंत सगळं कानावर गेलेलं. तिने पवनीला जाणाऱ्या माणसाबरोबर आईला निरोपही धाडून टाकला होता, की यंदा जयंती जावयाच्या दारात आहे, सगळे या.

"एवढी घाई कावून केली तू?" देवीदास म्हणाला.

"तुमच्या योजना घरातच मरतेत. ह्या बारीनं साक्षीदार बलावून ठेवले."

त्याने नालीचा नकाशा काढला. वरून दिसणारी नाली, आडवा छेद, उभा छेद, उत्तर दिशेचा बाण. रशियन तज्ज्ञाने सही केली असती, असा नकाशा. तो नळाजवळच्या खांबाला चिकटवला आणि खाली लिहिलं : श्रमदान, रविवारी सकाळी, सर्वांनी यावे.

रविवारी सकाळी तो डोक्याला रुमाल बांधून, कुदळ घेऊन हजर झाला. दुसरं कोणी नव्हतं. त्याने वाट पाहिली. मग उगाच चार घाव घातले. घागर घेऊन आलेली म्हातारी गिरजाबाई त्या खळग्यात वाकून म्हणाली, "काय गा देवीदास, कोनाले गाडून राह्यला?"

"श्रमदान आहे आजी. आज रविवार नाही का?"

"तुह्या हापिसात असन बापा. भट्टीले कायचा आइतवार?"

देवीदास कुदळीवर टेकला. सकाळची शिफ्ट उजाडायच्या आत कामावर गेलेली. दुसऱ्या शिफ्टवाले अर्ध्या रात्री परतून घोरत होते. रात पाळीवाले आत्ताच आले होते. आठवड्याची सुट्टीही प्रत्येकाची वेगळ्या वारी. अख्ख्या लाइनीत रविवार फक्त एकाच घरात उगवत होता, त्याच्या. इतकी वर्षं भोंग्यावर जागणाऱ्या माणसांमध्ये राहून त्याने ऑफिसचं कॅलेंडर त्यांच्या गळ्यात बांधलं होतं. नकाशात उत्तर दिशा दाखवली. माणसं कुठे असतात ते दाखवायचं राहिलं.

पण एवढ्याने हरला तर तो देवीदास कसला. नवी योजना : प्रत्येक शिफ्टच्या माणसांनी कामावर जाण्याआधी किंवा आल्यावर घडीभर खोदायचं आणि पुढच्या शिफ्टला चार्ज द्यायचा. ही भाषा सगळ्यांना कळली. दोन्ही टोकांकडून नाली सरकू लागली. "घे बावा चार्ज," म्हणून कुदळ हातोहात जाऊ लागली. कोणाच्या शिफ्टने जास्त खोदलं यावरून पैजा लागल्या. देवीदास संध्याकाळी ऑफिसातून आला की नालीच्या कडेने हात मागे बांधून फिरे. आपण चीफ इंजिनीअरसारखे दिसतो असं त्याला वाटे. शेवंताच्या मते तो कोंबडी हरवलेल्या माणसासारखा दिसे.

मग दोन्ही टोकांच्या मध्ये खडक लागला.

नाली अलीकडून खडकापर्यंत आली, पलीकडून खडकापर्यंत आली आणि थांबली. देवीदास भट्टीवरच्या चंपतकडे गेला. चंपत रात पाळीतला म्होरक्या, अंगाने दांडगा.

"खडकाचं काय करायचं चंपतभाऊ?"

"जॉबमंधी जो लफडा रायते तो पुढच्या शिफ्टचा. प्लांटचा कायदाच आहे तो."

"तुमच्या पुढं कोण?"

"सकाळवाले."

"ते दुपारवाल्यांवर ढकलतात."

"बरोबर आहे ना मंग."

"आणि दुपारवाले तुमच्यावर."

"तेही बरोबर."

"आणि आमची ऑफिसवाल्यांची जनरल शिफ्ट?"

चंपतने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "जनरल तं कोनाच्या मांगंही नाही ना पुढंही नाही. तुमी नकाशा काढा बाबू."

खडक तसाच राहिला. खोदलेल्या नालीत पाणी तुंबलं, त्यामुळे डबकं पूर्वीपेक्षा लांबट झालं. शेषराव यायला एकच आठवडा उरला. पवनीची मंडळी निघायच्या तयारीत होती. देवीदासने डोळ्यांपुढे आणून पाहिलं : सासू, सासरे, मेहुणे डबक्याच्या काठी उभे आहेत आणि शेवंता त्यांना भिलाई-तीनची वाट दाखवते आहे. त्याच रविवारी सकाळी तो कुठून तरी घन मागून घेऊन आला आणि एकटाच खडकावर तुटून पडला.

आयुष्यभर शाईची लेखणी धरलेला हात. पहिला घाव खडकाला लागला, दुसरा खडकाशेजारी, तिसऱ्याला घनाने त्यालाच ओढून नेलं. तळव्यांना फोड आले, फुटले. खडकावर चार पांढरे ठिपके उमटले, तेवढीच प्रगती. आवाज मात्र भरपूर होत होता. ठण् म्हटलं की तो पत्र्यापत्र्यांवरून लाइनीच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाई.

दार धाडकन उघडलं. लुंगीतला चंपत बाहेर आला, डोळे लालभडक.

"कोन आहे बे तो?"

"मी, देवीदास. खडक फोडतो आहे."

"खडकाले काही नाही झालं. माझ्या टकुऱ्याचे तुकडे होऊन राह्यले. रातभर भट्टीपुढं उभा होतो मी!"

"मग मी हळू मारतो."

"हळू मारून कधी फुटन हा? उद्याही येसान, परवाही येसान. आना तो घन इकडं."

एकेक करून रात पाळीची सगळी माणसं शिव्या देत बाहेर आली. कोणी पहार आणली. पुढच्या शिफ्टची वाट पाहण्याइतकी झोप कोणातच उरली नव्हती. चंपतने असे काही घाव घातले, की ते खडकावर आहेत की ट्रेसरवर, हे पाहणाऱ्याला कळू नये. ऊन चढण्याआधी खडकाचे तुकडे बाजूला पडले, तुंबलेलं पाणी फेसाळत नाल्याकडे धावलं आणि रात पाळी पुन्हा झोपायला गेली.  देवीदास दगडावर बसून तळहातांवर फुंकर मारत होता.

चैत्राच्या उन्हाने आठवड्यात मैदान कडकडीत वाळवलं. शेषराव आला, चपलेची टाच आपटून पाहिली, आणखी दोन ठिकाणी आपटली, आणि मान हलवली. जयंती लाइनीत झाली. निळे झेंडे लागले, मंडप पडला, पवनीची माणसं पुढच्या सतरंजीवर बसली. शेषरावने माइकवर देवीदासला बोलावलं आणि हळदीच्या पट्ट्या बांधलेले त्याचे हात धरून सभेला दाखवले. "हे पाहा! याले म्हनते श्रमदान!"

टाळ्या पडल्या.  मागे रात पाळीची माणसं उभी होती. देवीदास माइकजवळ सरकला.

"खडक मी फोडला नाही," तो म्हणाला. "चंपतभाऊ आणि रात पाळीनं फोडला. मी फक्त आवाज केला. माझ्या आवाजानं त्यांना झोप येईना, म्हणून त्यांनी फोडला. खरं सांगतो."

 मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की आधीच्या टाळ्या काहीच नव्हत्या. एवढं करून श्रेय दुसऱ्याला देतो, हे सगळ्यांना फार भिडलं. तो हात हलवून "नाही, नाही" म्हणू लागला, तशा टाळ्या आणखी वाढल्या. मागे चंपत पोट धरून हसत होता आणि सगळ्यांत मोठ्याने तोच टाळ्या वाजवत होता.

शेवंताच्या आईने पदराने डोळे टिपले. "किती नम्र मानूस भेटला व तुले, पोरी."

"नम्र नाही माय," शेवंता म्हणाली, "खरं बोलून राह्यले ते."