बूट वाटेत आहेत

वडिलांच्या बुटांत रोज सकाळी चिंध्या भरायचं काम तिचं होतं. त्यांच्या दोन्ही पायांना बोटं नव्हती आणि बूट मात्र दुकानात पूर्ण पायाचेच मिळतात, त्यामुळे पुढची रिकामी जागा भरावी लागे. जुन्या बनियनचे तुकडे घट्ट वळून ती बुटाच्या टोकात कोंबायची. कमी भरलं तर पाय पुढे सरकायचा, जास्त भरलं तर दुखायचा. त्या वयात इतर मुली स्वतःची वेणी घालायला शिकल्या. ही बूट भरायला शिकली आणि बूट भरता भरता एका माणसावर दात धरायला शिकली.

त्या माणसाला तिनं कधी पाहिलं नव्हतं. फौजेतली माणसं त्याला पाठीमागे सोफासाहेब म्हणायची आणि ते नाव त्यानं कष्टानं कमावलं होतं. वडील शिपाई होते, खिंडीपलीकडच्या एका उंच ठाण्यावर. खाली रसदीच्या डेपोत तेव्हा हा तरणाबांड अधिकारी. हिवाळा तोंडावर आलेला, खिंड आज बंद होते की उद्या अशी अवस्था. शेवटच्या ताफ्यातल्या ज्या ट्रकनं बर्फातले बूट आणि शेगड्या वर जायच्या, तोच ट्रक यानं मोठ्या साहेबांच्या बाईसाहेबांचा सोफा हलवायला दिला. बाईसाहेब खूश झाल्या, याची बढती झाली. ठाण्यानं वायरलेसवर विचारलं, बूट कुठे आहेत? यानं उत्तर दिलं, बूट वाटेत आहेत. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. पायांचा रंग बदलला तरी बूट आपले वाटेतच. ते पोचले तेव्हा बर्फ वितळला होता आणि वडिलांची बोटं गेली होती. रीतसर चौकशी झाली आणि दोष रस्त्याचा आणि हवामानाचा निघाला. या दोघांना शिक्षा करता येत नाही.

वडील या गोष्टीबद्दल बोलत नसत. एकदाच, पायांना मलम चोळून घेताना, छताकडे बघत म्हणाले, "मला त्याची नोकरी जायला नको. माफी तर मुळीच नको. त्याच्या पायांना एकदा थंडी कळली पाहिजे, बस."

पोरीनं ते मनात पक्कं बांधून ठेवलं.

फौजेत जायचं तिनं ठरवलं तेव्हा आईनं अबोला धरला आणि वडिलांनी पेपर वाचायचं सोंग आणलं. अकादमीत हुशार मुलांना विचारतात, कुठल्या विभागात जाणार? सगळे तोफा, रणगाडे, विमानं मागत होते. ही म्हणाली, रसद. मुलाखतीला बसलेल्या साहेबांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. कारण विचारलं तर तिनं सैन्य पोटावर कसं चालतं याचं भाषण ठोकलं. खरं कारण सांगितलं असतं तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं असतं. सोबत्यांनी त्याच दिवशी तिचं नाव 'किराणा' ठेवलं आणि ते शेवटपर्यंत चिकटलं.

रसद अधिकारी व्हायला निघालेल्या माणसाला काय काय वाट्याला येतं, याची तिलाही कल्पना नव्हती. बंदूक हातात आली ती चवीपुरती. बाकी सगळा वेळ बटाटे कुठल्या हवेत सडतात, डिझेल कधी गोठतं, उंचावर टायरमध्ये हवा किती ठेवायची, माणूस थंडीत किती जास्त खातो आणि किती कमी पाणी पितो, हे शिकण्यात गेला. गोठलेल्या पायाच्या तासाला बाकीची मुलं जांभया देत होती. हिला ते घरचंच होतं. शिकवणारा साहेब वैतागलेल्या स्वभावाचा, पण जीव तोडून शिकवणारा. तो सांगायचा की या नोकरीत शाबासकीची वाट बघत बसू नका. बूट वेळेवर पोचले तर तुमची आठवण कुणालाही येणार नाही, आणि नाही पोचले तर जन्मभर काढतील. किराणाला वाटायचं, जन्मभर कुठे काढतात? सोफासाहेब तर चढतच चाललाय.

एक गोष्ट त्या साहेबानं सगळ्यांकडून हाडामासात भिनेपर्यंत करून घेतली. ट्रक भरताना जे आधी लागणार ते शेवटी चढवायचं. तो मुलांकडून ट्रक भरून घ्यायचा, मग मध्येच म्हणायचा, आता मला शेगडी हवी. शेगडी तळाशी निघाली की सगळा ट्रक रिकामा करून पुन्हा भरायचा. किराणाचे हात सोलवटून निघाले, पण तिला हे काम आवडू लागलं. स्वतःवर ती चिडायचीसुद्धा. सूड घ्यायला आलेल्या माणसाला काम आवडून कसं चालेल?

नोकरीत तिनं पहाडाकडची बदली मागून घेतली. तिथे बदली मागणारं माणूस वेडं समजतात, त्यामुळे मिळायला त्रास पडला नाही. डेपोत पोचली आणि प्रमुखाच्या टेबलामागे खुद्द सोफासाहेब बसलेला. केस पिकलेले, गाल गुलाबी, आवाज तुपात घोळलेला. निवृत्तीला आलेला. तिला त्यानं प्रेमानं चहा पाजला आणि म्हणाला, मुली रसदीत फार छान काम करतात, घर सांभाळायची सवय असते ना! तिनं चहा गिळला आणि रागही.

उन्हाळा गेला. तो कुठे चुकतो हे ती बघत राहिली, पण माणूस सावध होता. मग हिवाळा आला आणि शेवटच्या ताफ्याची तयारी सुरू झाली. ताफाप्रमुख म्हणून तिची नेमणूक झाली. ताफा सकाळी निघायचा होता. आदल्या दुपारी सोफासाहेबानं तिला बोलावून घेतलं. त्याचं घरसामान खाली रेल्वेपर्यंत न्यायचं होतं. त्यासाठी एक ट्रक हवा. कुठला, तर बूट आणि शेगड्यांचा, कारण तो नवा होता आणि धक्के कमी द्यायचा. वरच्या माणसांचं काय, असं तिनं विचारलं. तो म्हणाला, पुढच्या फेरीत जातील, खिंड इतक्यात बंद होत नाही.

तिला भीती वाटायला हवी होती, वाटला तो आनंद. ती म्हणाली, "होय सर."

तिनं बूट उतरवून घेतले. सोफासाहेब स्वतः उभा राहून सामान बांधून घेत होता, कारण सोफ्याच्या बाबतीत त्याचा कुणावर विश्वास नव्हता. खाली मैदानात बर्फ नसणार म्हणून त्यानं आपले बर्फातले बूट सगळ्यात आधी, तळाच्या पेटीत टाकायला लावले. जन्मभर रसदीत काढलेला माणूस, उद्या सकाळी स्वतःच्या पायांना काय लागेल हे विसरला. ते तिनं पाहिलं आणि मनात ठेवलं. तेव्हा तिच्या डोक्यात मोठा बेत होता. ट्रक जाऊ द्यायचा. खिंड बंद होणार, बूट खालीच राहणार, वर पाय काळे पडणार, आणि या वेळी हुकूम कुणाचा होता हे सांगायला ती जिवंत साक्षीदार. या वेळी हवामानावर ढकलता येणार नाही. पद जाईल, पेन्शन जाईल, सगळ्यांसमोर तोंड काळं होईल.

संध्याकाळी तिनं घरी फोन केला. ती इतक्या आनंदात बोलत होती की आपलं बोलणं तिचं तिलाच नीट ऐकू येत नव्हतं. वडिलांनी ते सगळं ऐकून घेतलं.

"त्या ट्रकमधले बूट कुणाचे होते?" त्यांनी विचारलं.

"वरच्या ठाण्यावरच्या पोरांचे. तुमच्याच ठाण्याच्या, बाबा."

"माझ्या पायांचा सूड तू त्यांच्या पायांवर घेणार?"

तिनं खिडकीतून बाहेर, उतरवून ठेवलेल्या बुटांच्या ढिगाकडे पाहिलं.

"बूट चढव," वडील म्हणाले. "त्याचं काय करायचं ते तुझं तू बघ."

फोन ठेवल्यावर तिला स्वतःची लाज वाटली. अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. सोफासाहेबानं जे केलं तेच आपण करायला निघालो होतो, तेही डोळे उघडे ठेवून. लाज वाटली, पण राग तसूभर कमी झाला नाही. रागात काही चूक नव्हती, तो भलत्या ट्रकमध्ये भरला गेला होता एवढंच. तिनं माणसं बोलावली, साहेबाचं सामान उतरवून शेडमध्ये ताडपत्रीखाली नीट रचलं, तळाची पेटी तळालाच ठेवली, आणि बूट-शेगड्या पुन्हा चढवल्या. याचा जाब द्यावा लागणार हे तिला माहीत होतं.  हमाली करणाऱ्या जवानांनी नेहमीपेक्षा भरभर हात चालवले.

त्या डेपोत एक रीत होती. शेवटचा ताफा निघाला की तो समोरच्या डोंगरावरच्या वळणाआड दिसेनासा होईपर्यंत डेपोच्या प्रमुखानं फाटकात उभं राहायचं. तो हलल्याशिवाय कुणीही हलायचं नाही. पूर्वी कधीतरी एक साहेब मध्येच आत गेला आणि त्याच दिवशी ताफ्यावर दरड आली, असं सांगतात. खरंखोटं कुणास ठाऊक, पण ड्रायव्हर आरशात बघतात. साहेब उभा दिसला की बिनघोर चढतात. आणि दुसरी रीत अशी की पहिली गाडी फाटकाबाहेर पडली की ताफा ताफाप्रमुखाचा. मग तो प्रमुखालाही थांबवता येत नाही.

सकाळी भुरभुर बर्फ पडत होता. निरोपाचा फोटो काढायचा म्हणून सोफासाहेब पूर्ण पोशाखात आला, पायांत चकचकीत पातळ कातडी बूट. बाकी सगळ्यांच्या पायांत जाड लोकरी. किराणानं सलाम केला आणि पहिली गाडी सोडली. ताज्या बर्फात दोन गाड्यांमध्ये अंतर ठेवायचं असतं आणि ते किती ठेवायचं हे ताफाप्रमुख ठरवतो. तिनं नियमात बसणारं सगळ्यात लांब अंतर ठरवलं. एक गाडी वळणाआड गेली की मगच दुसरी.

पहिल्या काही गाड्या जाईपर्यंत तो हसतमुख होता. मग तो या पायावरून त्या पायावर होऊ लागला. मग बूट-शेगड्यांचा नवा ट्रक फाटकाशी आला आणि ताडपत्रीच्या फटीतून शेगडीचं नळकांडं दिसलं.

"माझं सामान?" त्यानं ओठ न हलवता विचारलं.

ती म्हणाली की शेडमध्ये सुखरूप आहे, सोफ्याला ओरखडाही नाही.

त्याचा गुलाबी चेहरा जांभळा झाला. पण रीत मोडून ट्रक थांबवायचा तर अख्ख्या डेपोसमोर सांगावं लागलं असतं की त्यात काय जायला हवं होतं. ट्रक त्याच्या नाकासमोरून गेला. तो दात आवळून म्हणाला की तिची वर्दी उतरवल्याशिवाय राहणार नाही. ती म्हणाली, जरूर. मग तिनं जन्मभर जपलेलं वाक्य बाहेर काढलं. "माझे वडील वरच्या ठाण्यावर होते, सर. तुम्ही बाईसाहेबांचा सोफा हलवलात, त्या हिवाळ्यात."

त्यानं कपाळाला आठ्या घातल्या. खरोखर आठवून पाहिलं. "कुठला सोफा?" तो म्हणाला.

तिच्या अंगाची लाही लाही झाली. इतकी वर्षं ज्याला रोज शिव्याशाप दिले, त्याच्या डोक्यात तिच्या बापाच्या पायांना एवढीशी जागा नव्हती. तो खोटं बोलत असता तर परवडलं असतं. तिनं पुढच्या गाडीला हात दाखवला, नेहमीपेक्षाही उशिरा.

शेवटी एकच गाडी उरली. तिच्यात ताफाप्रमुख बसतो. ती दुरुस्तीची होती आणि चालवायला तिनं मुद्दाम 'कासव' घेतला होता. या ड्रायव्हरला डेपोत सगळे टाळायचे, कारण त्याच्यासोबत निघालेला माणूस जेवणाला मुकतो. ती गाडीच्या पायरीवर चढली तेव्हा सोफासाहेबाच्या बुटांवर बर्फ साचून वितळला होता आणि पाणी आत गेलं होतं. दुखेल, रात्रभर ठणकेल, पण बोटं जाणार नाहीत, हे तिला पक्कं माहीत होतं. थंडी किती वेळात काय करते, हे ती अकादमीत शिकली होती आणि त्याआधी घरी.

तो पुढे झाला. आवाजातलं तूप संपलं होतं. "पाय बधिर झालेत," तो हळूच म्हणाला. "बुटांची एखादी जोडी असेल तर काढून दे ना."

तिनं त्याच्याकडे वरून खाली, बुटांपर्यंत पाहिलं.

"बूट वाटेत आहेत, सर," ती म्हणाली आणि दार लावलं.

कासवानं गाडी सुरू केली. समोरच्या डोंगरावर रस्ता नागमोडी चढत जातो आणि फाटकातून बराच वेळ दिसत राहतो. कासवानं विचारलं, मॅडम, जरा जोरात घेऊ का, खिंड गाठायचीय. तिनं पुढे पाहिलं. बुटांचा ट्रक केव्हाच वळण पार करून गेला होता, तो वेळेवर पोचणार होता.

"तुम्ही तुमच्या चालीनं चला," ती म्हणाली आणि आरसा वळवून फाटक दिसेल असा लावला.