सोडा घातलेलं पन्हं

मी बावीस वर्षं शाळेत आम्ल आणि अल्क शिकवते आहे, आणि आमच्या घरात माझ्या हातच्या पन्ह्यावर कायमची बंदी आहे. (ही बंदी मला मान्य नाही, हे आधीच सांगून ठेवते!)

झाशीत आमची मराठी घरं मोजकी. चैत्रातल्या हळदीकुंकवाला सगळ्या बायका सीपरी बाजारातल्या आमच्या घरी येतात, त्या सासूबाईंच्या पन्ह्यासाठी. त्या वर्षी त्यांचे गुडघे दुखत होते, म्हणून पन्हं पहिल्यांदाच माझ्या हाती आलं. "नाव घालवू नकोस हो," एवढंच त्या म्हणाल्या.

नेमका हळदीकुंकवाच्याच सकाळी आरओचा मेकॅनिक आला. फिल्टर बदलून त्याने ग्लासभर पाण्यात कसलेसे दोन थेंब टाकले. पाणी पिवळं!

"मैडम, पानी एसिडिक है. अल्कलाइन वाली कार्ट्रिज लगवा लीजिए, नहीं तो हड्डियाँ गल जाएँगी."

"भैया, हम केमिस्ट्री पढ़ाते हैं!" मी कडाडले. "आरओ सारे क्षार निकाल देता है. फिर हवा की ज़रा-सी गैस घुली नहीं कि पीएच नीचे! इससे ज़्यादा खट्टा तो नींबू होता है. नींबू से किसकी हड्डी गली आज तक?"

मेकॅनिकने माघार घेतली. सासूबाईंनी घेतली नाही. दारात उभं राहून त्यांनी नेमकं 'हड्डियाँ' तेवढं ऐकलं होतं.

"म्हणजे माझे गुडघे यानेच गेले! आणि याच पाण्याचं पन्हं बायकांना देणार तू?"

शहाण्या बाईने इथे नळाचं पाणी घेतलं असतं. मी मेकॅनिकची थेंबांची बाटली ठेवून घेतली आणि हंडाभर पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला. क्षारच नसलेलं पाणी ते, चिमटीतच काम झालं. ग्लासात काढून थेंब टाकले, तर हिरवंगार, म्हणजे ना आम्ल ना अल्क! पण मला मेकॅनिकच्या नाकावर टिच्चून निळं, म्हणजे पक्कं अल्कलाइन हवं होतं. आणखी चार चमचे!

"बघा आई, निळं!"

"पन्हं निळं कशाला हवंय गं?" सासूबाई म्हणाल्या. मी लक्ष दिलं नाही.

संध्याकाळी बायका जमल्या. सगळ्यांच्या देखत मी कैरीचा गर हंड्यात ओतला. फस्स्स! फेस काठावरून उतरून थेट गौरीपुढच्या कलिंगडापर्यंत गेला. खंडेराव गेटहून आलेल्या माझ्या थोरल्या नणंदबाईंनी उरलेलं चाखलं.

"अगं, हे पन्हं आहे की भांडी विसळलेलं पाणी?"

आंबटपणा पार गेला होता. मग मी घाईघाईने सहा लिंबं पिळली. (सोडा अजून शिल्लक होता. मी बावीस वर्षं काय शिकवते, ते पुन्हा सांगत नाही.) दुसरा फेस पहिल्याहून जोरात आला! नणंदबाईंची पैठणी भिजली.

"सकाळी पाणी आंबट म्हणून सोडा," सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "आता पन्हं आंबट नाही म्हणून लिंबू. तुझी केमिस्ट्री मधल्या वेळात कुठे गेली होती?"

"पन्ह्याला काहीही झालेलं नाही!" मी ठणकावलं, आणि सगळ्यांसमोर तीन ग्लास घटाघटा प्यायले. तिसऱ्यानंतर असा ढेकर आला, की शेजारच्या मिश्राइनने खिडकीतून विचारलं, "भाभी जी, कुकर फट गया क्या?"

आजही सांगते, आरओच्या पाण्यात दोष नव्हता आणि मीच बरोबर होते! पुढच्या चैत्रात सासूबाईंनी त्याच पाण्याचं पन्हं केलं आणि बायकांनी दोन-दोनदा मागून घेतलं. माझ्याकडे आता फक्त हंडा भरायचं काम आहे. आणि तो भरून होईपर्यंत सोड्याचा डबा सासूबाईंच्या मांडीवर असतो.