सुझाना मिसचे चार तारे

सुझाना मिस शाळेतून रिटायर झाल्या आणि घरात पाय पसरून बसायच्या वयात पीएचडीला लागल्या. खोपटच्या एसटी डेपोमागच्या गल्लीनं कपाळाला हात लावला. त्यात गाइड कोण, तर अद्वय, त्यांच्याच हाताखाली फिजिक्स शिकलेला. तो अजून त्यांना ‘मिस’ म्हणायचा आणि त्या त्याला अरे-तुरे करायच्या.

काम होतं म्हाताऱ्या ताऱ्यांचं. तारा ज्या वायूतून जन्मतो, त्यातली मूलद्रव्यं त्याच्या प्रकाशात जन्मभर ओळखू येतात. अद्वयचा दावा होता, एकत्र वाहणारा ताऱ्यांचा अमुक एक थवा सगळा आपल्याच आकाशगंगेत जन्मलेला. मिसना त्यातल्या चौघांत लोहाच्या मानानं मॅग्नेशियम कमी सापडलं. इथल्या म्हाताऱ्या ताऱ्यांत ते जास्त असतं. म्हणजे हे चौघे इथले नव्हेतच. आकाशगंगेनं कधीकाळी गिळलेल्या एखाद्या छोट्या दीर्घिकेतून आलेले.

मिसना यात नवल वाटलं नाही. त्यांच्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईकडच्या जुन्या ख्रिस्ती लोकांत बॉटल मसाला चाखून घर ओळखतात. नवी सून असताना त्यांनी माहेरचा, उत्तनचा मसाला कुटून सासरच्या बाटल्यांत ठासून भरला. पहिल्याच घासाला सासरे लिनो ओरडले, “हा आपल्या घरचा नाय!” सगळ्यांनी नाकं मुरडली आणि ताटं चाटूनपुसून साफ केली. पुढच्या उन्हाळ्यापासून दोन्ही मसाले एकत्रच कुटले जाऊ लागले. आकाशगंगाही अशीच बाहेरच्यांना पोटात घेत वाढली, त्यांना वगळून तिची गोष्ट सांगणं म्हणजे शुद्ध थापा, असं मिसचं मत.

अद्वय म्हणाला, “मिस, मोजण्यातली चूक असेल. चार तारे काढून टाका, पेपर सुरेख बसतो.”

मिसनी पुन्हा मोजलं. मॅग्नेशियमसारखं कॅल्शियमही कमीच निघालं, म्हणजे मोजण्यात चूक नव्हती.

“तरी ठेवलेत, तर थिसिसवर माझी सही मिळणार नाही,” अद्वयनं बजावलं.

मिसचं डोकं फिरलं. “दहावीत तू ग्राफच्या रेषेवर न बसणारं रीडिंग खोडलेलंस, तेव्हा मी तुझे मार्क कापलेले. आज तू गाइड आहेस म्हणून मी खोडू काय? तारे काढायचे तर आधी पेपरवरून माझं नाव काढ.”

त्यानं काढलं. पेपर छापून आला, गुळगुळीत. पीएचडी हातची गेली. मिसना रडू आलं, खोटं कशाला सांगा. मग डोळे पुसून त्यांनी चारही ताऱ्यांची मोजमापं स्वतःच्या नावानं इंटरनेटवर टाकली, कुणीही तपासावीत म्हणून.

“आता नावापुढे डॉक्टर नाय लागणार,” नवरा ओवेन हळहळला.

“नको लागू दे,” मिस म्हणाल्या. “चूक असेल तर जगानं मोजून दाखवावी. मी खोडणार नाय.”